उसाची मोळी

लेहच्या बर्फात उमेदीची वर्षं काढलेल्या सुभेदार नाथाजींना औंधची थंडी ही थंडीच वाटत नसे. भर पौषात सकाळी नुसत्या बंडीवर ते नातीला बाबागाडीतून फिरवायला निघाले, तशा चंद्राबाई आडव्या आल्या.

"आवं, स्वेटर तरी घाला अंगात."

"फौजी माणसाला कसली आलीय थंडी?"

बायकोनं वाद घातला नाही. तिनं मोर्चा नातीकडं वळवला. शिवांजलीच्या अंगात लोकरीचं झबलं होतंच. त्यावर तिनं जाडजूड शाल गुंडाळली, मफलरचे वेढे दिले आणि वरून कानटोपी चढवली. ती पार पोरीच्या नाकाखाली उतरली.

"अगं, पोरगी हाय का उसाची मोळी? पावसाळ्यात बी अशीच भली मोठी छत्री कोंबली हुतीस गाडीत."

"लेकराला वारं लागंल. जावा आता."

तासाभरानं आळीत हशा पिकला म्हणून चंद्राबाई दारात आल्या. बाबागाडीत शिवांजली नुसत्या झबल्यावर पाय नाचवत खिदळत होती. मागं सुभेदार. अंगावर शाल, गळ्यात मफलर आणि कानटोपीतून बाहेर आलेल्या नुसत्या मिशा.

"पोरीला लय उकडाय लागलं," ते घाईघाईनं म्हणाले. "येवढं ओझं हातात कुठं धरू? म्हणून घातलं अंगावर."

चंद्राबाईंनी पदरात हसू दाबलं.

"व्हय तर. म्हणून तर सगळं तुमच्या मापाचं घातलं हुतं तिला."