शेवटचा आलो

खडीच्या वाटेवर सायकली चालवताना आमची जुनी पद्धत आहे. पुढच्याला खड्डा दिसला की तो ओरडतो, मागचे एकेक करून तेच ओरडतात, म्हणजे सगळे सोबत आहेत हे कळतं. थांबलो की सर्वांत मागचा सांगतो, "शेवटचा आलो."

ते काम माझ्या भावाचं, डेटलेव्हचं. गेल्या ऑक्टोबरात त्याची सायकल तळ्याकाठी एका म्हाताऱ्या बीचच्या झाडाच्या बुंध्याला टेकलेली सापडली. तो सापडला नाही.

आज पुढे त्याची बायको इम्के होती, मागे मी.

"खड्डा!" इम्के ओरडली.

"खड्डा!" मी ओरडलो.

"खड्डा!" माझ्या मागून डेटलेव्हचा घोगरा आवाज आला.

माझं हँडल डगमगलं.

"मागे बघू नकोस, गाढवा," इम्के म्हणाली. "मी एकदा बघितलं, तर महिनाभर आला नाही."

तळ्याशी थांबलो. मी गप्प राहिलो, कारण शेवटचा मी नव्हतो.

डेटलेव्हही गप्पच राहिला.

मग त्याच्याही मागून, झाडांतून, इम्केचा आवाज आला, "शेवटची आले."

माझ्यासमोर इम्केने ओठ न उघडता सायकल त्याच बुंध्याला टेकवली.