चढावरची करकर

"बैलगाडी आली, म्हणतो सगळा ग्रुप मला!" रेसिंगची सायकल अंगणात उलटी ठेवून आमचे हे कुरकुरत होते. मागच्या चाकातली करकर काही केल्या जात नव्हती, आणि रविवारी त्यांना सगळ्यांबरोबर घाट चढायचा होता.

मी हाताने चाक फिरवलं. अगदी गप्प. माझं शिलाई मशीनही असंच, जाड कापड घातल्याशिवाय आपली खोड दाखवत नाही. "हिच्यावर बसून चढ चढल्याशिवाय कळायचं नाही," म्हटलं आणि ओढणी कमरेला खोचून मीच बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच. पाय जेमतेम पोचत होते.

चढावर जोर लावला तशी चाकाच्या तारा एकमेकींवर घासताना ऐकू आल्या. घरी येऊन त्या जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडला आणि पुन्हा चढ गाठला. करकर पार गेली होती. कानात नुसता वारा.

"गेला आवाज?" फाटकातून ह्यांनी विचारलं.

"थोडा आहे. उद्या परत ऐकावं लागेल."

आठवडाभर तो रोज थोडा उरतच राहिला. शनिवारी हे स्वतःच चढावर जाऊन आले. आता आपलं बिंग फुटणार, म्हणून मी दारातच उभी.

"आहे गं अजून," ते गंभीरपणे म्हणाले, आणि पाना घेऊन त्यांनी सीट माझ्या उंचीला खाली केली.

"अहो, आणि उद्याचा घाट? ग्रुपला काय सांगाल?"

"सायकल दुरुस्तीला दिलीय म्हणून."