विटांवरची गाडी

कृष्णकांत बँकेतून निवृत्त झाले आणि महिन्याभरात चेन्नईत, वेलचेरीतल्या त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एका जुनाट ट्रकची गंजकी केबिन येऊन बसली. ना इंजिन, ना चाकं. नुसती विटांवर टेकवलेली. मग ते हौसेनं वेल्डिंग शिकले. पत्र्याची जेवढी भोकं बुजवली, त्याहून जास्त ठिणग्यांनी लेंग्याला पाडली.

"आयुधपूजेपर्यंत हे धूड इथून गेलं नाही, तर मी भंगारवाल्याला बोलावीन," अलकनंदाबाईंनी नवऱ्याला बजावलं.

आयुधपूजेच्या, म्हणजे अवजारं नि गाड्या पुजायच्या सकाळी कृष्णकांतांना जाग आली, तर गॅलरीतलं वेल्डिंगचं मशीन गायब आणि बायकोही घरात नाही. ते अनवाणीच खाली धावले.

केबिन जागच्या जागी होती, झेंडूच्या माळांनी नटलेली. शेजारी मशीनला हळदकुंकू वाहिलेलं. आणि अलकनंदाबाई उकिडव्या बसून प्रत्येक विटेपुढे एकेक लिंबू ठेवत होत्या.

"अगं, हे काय?"

"आज गाडीखाली लिंबू चिरडायचं असतं ना," त्या पदर खोचत उठल्या. "पण त्यासाठी गाडी पुढे जायला नको? चाकं कधी बसवताय?"