साठ फोटो

हळदीच्या रानात खुरपणीचा रोबो पाती फिरवत सरळ अंगावर येऊ लागला, तेव्हा वैजयंताच्या तोंडचं पाणी पळालं. कमरेत वाकलेली, नवऱ्याचा जुना शर्ट घातलेली बाई त्याच्या कॅमेऱ्याला माणूस वाटतच नव्हती.

माणूस कसा दिसतो, हे त्याला गावातल्या साठ फोटोंवरून शिकवलं होतं. "एवढे पुरेत, बाकीचं तो आपलं आपण शिकेल," कंपनीचे साहेब म्हणाले होते. आणि फोटो म्हटल्यावर सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून ताठ उभ्या राहिल्या होत्या.

वैजयंताला ते आठवलं. तिने शर्ट ओरबाडून काढला, पदर सारखा केला आणि ती फोटोतल्यासारखी ताठ उभी राहिली. दोन हातांवर येऊन रोबो थबकला आणि शेजारच्या सरीत वळला.

तिथे कौसाआत्या खुरपत होत्या.

"आत्या, उठा! सरळ उभ्या राहा!" वैजयंता किंचाळली.

आत्या धडपडत उठल्या. पण त्यांची कंबर दहा वर्षांत सरळ झाली नव्हती. फोटो चांगला यावा म्हणून त्या दिवशी वैजयंतानेच त्यांना फोटोबाहेर बाजूला बसवलं होतं.