उन्हाचा बंदोबस्त

भर मे महिन्यात गाडीवर मुलगी पाहायला जायचं, म्हणून केदारखेड्याच्या कल्याणनं महिनाभर व्हिडिओ पाहून जाळीचं जाकीट अन् काचेचं बंद हेल्मेट मागवलं. "ऊन लागंल, खिशात कांदा ठेव," असं त्याची आई नंदाबाई म्हणली, तर हा उसळला.

"आई, जाकिटातून वारा खेळतो! कांद्याचा वास घेऊन बसू का पोरीपुढं?"

मंग नंदाबाईनं गुपचूप कांदा चिरला, हेल्मेटाच्या गादीखाली चार फोडी कोंबल्या अन् बाकीच्यांसंगं जीपमधी बसून पुढं निघून गेली.

राजूरच्या पुढं फोडी तापल्या. काच लावली की डोळ्यात कांदा, उघडली की तोंडावर झळा. नवीन जालन्यात पोरीच्या दारात कल्याण उतरला तो नाक लालबुंद, डोळे सुजलेले अन् हुंदके देतच.

पोरीचे वडील रामप्रसाद हादरलेच. त्याला बाजूला घेऊन म्हणले, "पाव्हणं, जबरदस्ती तर न्हाई ना केली कुणी? खरं सांगा, आम्ही राग न्हाई धरणार."

कल्याणनं आईकडं पाह्यलं. आई पोह्यातले शेंगदाणे मोजून राह्यली होती. "न्हाई मामा, मी खुशीनं आलो," असं म्हणतानाच त्याच्या डोळ्याला पुन्हा धार लागली.

"आकांक्षा, राहू दे बाई हे स्थळ," रामप्रसादनी आतल्या खोलीकडं पाहून हाळी दिली.

"बिलकुल न्हाई, पप्पा. मला पसंत हाय. पाठवणीला कुणालातरी रडावंच लागतं, अन् माझा मेकप लई महागाचा राहणार हाय."