माझ्या मागून म्हणा

कंधारला बाजाराला गेलो की बस सुटायच्या आत वाचनालयात डोकवायचं आणि मुलांसाठी एखादं पुस्तक आणायचं, ही माझी जुनी सवय. त्या दिवशी घाईत हाताला लागलं ते गोष्टींचं पुस्तक उचललं.

दुपारी गल्लीतली मुलं ओसरीवर जमली. सगळ्यांत पुढं माझी नात सुकन्या.

"माझ्या मागून म्हणा," असं सांगून मी एकेक ओळ वाचू लागलो. मुलं म्हणत होती. त्यांचं म्हणून झालं की आणखी एक बारीक आवाज तीच ओळ म्हणायचा.

"कोण रे मागं राहून राहिलंय?" मी हसून विचारलं.

"आमच्यातलं न्हाई, गुरुजी," बजरंग म्हणाला. "पुस्तकच म्हणून राहिलंय."

मुलं खिदळली. मी पान उलटलं. आता तो आवाज मुलांबरोबर आला. पुढच्या पानावर माझ्याबरोबर. मग मी तोंड उघडायच्या आतच ओळ ऐकू आली, आणि मुलांनी ती म्हटली.

मी पुस्तक मिटलं. आवाज थांबला नाही.

"सुकन्या, त्याच्या मागून म्हणू नको, बाळा."

वर्गात बोलणाऱ्या पोराकडं पाहावं तसं तिनं माझ्याकडं पाहिलं. "आजोबा, गप बसा. लक्ष द्या."

"आता माझ्या मागून चला," आवाज म्हणाला.

"आता माझ्या मागून चला," मुलं म्हणाली आणि उठली. चपला तिथंच टाकून, तापलेल्या रस्त्यावरून एका ओळीत निघाली. सगळ्यांत पुढं सुकन्या.

"थांबा" म्हणायला मी जीव खाऊन तोंड उघडलं.

"आता माझ्या मागून चला," मी म्हणालो.