लेन्सची परीक्षा

मुंबईहून आणलेल्या नव्या कॅमेऱ्याची लेन्स पारखायला निर्मलकुमारने बायकोलाच, धनकुंवरला, जळगावच्या भर उन्हात गच्चीवर बसवलं. मोठा करून आणलेला फोटो त्याने बैठकीत सगळ्यांपुढे ठेवला. "फोकसची रिंग लोण्यासारखी फिरते, आणि काच तर बघा! हिच्या तोंडावरचे देवीचे वण एकेक मोजून घ्या." सगळ्यात मोठ्याने हसली ती नणंद, कंचन. धनकुंवर चहाचे कप उचलून आत गेली.

कंचनच्या लग्नात त्याने स्टुडिओवाल्याला बोलावूच दिलं नाही. "या कॅमेऱ्यात डोळा लावून बघायची खिडकी लेन्सपासून वेगळी असते, कायम लख्ख दिसतं," असं पाहुण्यांना ऐकवत वरमालेपासून पाठवणीपर्यंत एकट्यानेच रोलवर रोल संपवले. लेन्सचं झाकण काढून पदराच्या गाठीत सांभाळायचं काम नेहमीप्रमाणे धनकुंवरकडे.

कंचनची मोटार अमळनेरच्या रस्त्याला लागली, तसा घाम पुसत त्याने हात पुढे केला. "झाकण आण इकडे."

 

"ते लेन्सवरच आहे," धनकुंवर म्हणाली, "सकाळपासून."